स्लॅबपर्यंतची भिंत

"हात मोडला म्हणजे कसा मोडला? पडलीस का?"

मी घास हातातच धरून मागं वळून बघितलं. आवाज इतका जवळून आला होता की बिडवई साहेब माझ्या दारातच उभे आहेत असं वाटलं. दारात कुणीच नव्हतं. खोलीत मी होते, जिप्सम बोर्डांची एक थप्पी होती आणि तिच्यावर माझा उघडा डबा.

मग थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. नंतर पुन्हा तोच आवाज, जरा उतरलेला.

"बरं. मग पडले असंच सांग सगळ्यांना. मीही तुझ्या आईला तेच सांगतो."

तेव्हा कळलं, साहेब भिंतीपलीकडच्या खोलीत होते आणि फोनवर बोलत होते.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होते. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी कौटुंबिक न्यायालयाची नवी इमारत उभी राहत होती आणि रोजची देखरेख माझ्याकडं होती. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. दुपारी यंत्रं बंद व्हायची, कामगार खाली लिंबाच्या सावलीला जायचे. बाईमाणसाला निवांत बसून दोन घास खायला खाली जागा नव्हती, म्हणून मी दुसऱ्या मजल्यावरच्या या समुपदेशनाच्या खोल्यांमध्ये येऊन बसायची. साहेबही दुपारी वर येतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

"धाकटीची बोलणी चालू आहेत, माय. त्या लोकांच्या कानावर गेलं की थोरली माहेरी येऊन बसलीय, तर मोडतंच समज. दिवाळीपर्यंत धर कसंतरी... अगं, नको कधी म्हणलो मी? घर तुझंच आहे. पण आत्ता नको, एवढंच... रडू नको. शिवलीला, रडू नको ना माय."

मी खोकायला हवं होतं. डब्याचं झाकण आपटायला हवं होतं. पण आता आवाज केला तर आधीचं सगळं ऐकलं हे त्यांना कळणार, या भीतीनं मी हललेसुद्धा नाही. फोन बंद झाला. रिकाम्या खोलीत त्यांनी मुलीचं नाव पुन्हा एकदा घेतलं, कुणालाच उद्देशून नाही. नाक शिंकरलं. पावलं जिन्याकडं गेली.

बिडवई साहेब आमचे उपअभियंता. कपाळावर विभूतीची बारीक रेघ, पांढरा शर्ट, आवाज कधी चढवायचा नाही. रेती मातीमिश्रित आली तर आख्खा ट्रक परत पाठवतील, पण ड्रायव्हरला आधी चहा पाजतील. अशा माणसाच्या घरात मी न विचारता शिरले होते. कान गरम झाले होते माझे. डबा तसाच बंद केला. आणि मग, ती लाज अजून ओसरलीही नव्हती तोवर, दुसरा विचार आला.

मला ऐकू आलंच कसं?

या मजल्यावरच्या समुपदेशनाच्या खोल्यांसाठी नकाशात वेगळी टीप होती. दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड आणि मध्ये रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली दाट लोकर. आवाज तिच्यात शिरतो आणि जिरतो. एका खोलीत बोललेलं दुसऱ्या खोलीत जाता कामा नये, हीच तर या भिंतींची किंमत. मी पलीकडच्या खोलीत जाऊन घोडी लावली. स्लॅबखाली टांगलेल्या जिप्समच्या छताला दिव्यासाठी पाडलेल्या भोकातून विजेरी आत घातली आणि डोकं तिरकं करून बघितलं.

भिंत छताच्या वर वीतभर येऊन संपली होती. तिथून वरच्या स्लॅबपर्यंत सगळं मोकळं. सगळ्या खोल्यांच्या डोक्यावर मिळून एकच लांबलचक पोकळी, माळ्यासारखी. इथं बोललेला शब्द वर चढणार, पलीकडं उतरणार. रॉकवूलचे दोन गठ्ठे प्लॅस्टिकसकट त्या पोकळीत तसेच पडले होते. भिंतीत होतं तेही अर्धवट. खाली घसरून बसलं होतं आणि वरच्या बाजूला फट पडली होती.

जेवणं उरकल्यावर मी खय्यूम मिस्त्रीला वर बोलावलं. पार्टिशनचं आणि छताचं काम त्याच्या टोळीकडं होतं.

"मॅडम, तुम्ही इलेक्शनच्या ड्युटीवर होता," तो म्हणाला. "ठेकेदाराचा सुपरवायजर म्हणला, छत मारून टाका, रंगवाले थांबलेत. मी म्हणलो वर बाकी हाय. तर म्हणला, छताच्या वरचं काय दिसायलंय कुणाला?"

"दिसायचं कुठं आहे, खय्यूमभाई? ऐकायचं आहे."

त्यानं मान खाली घातली, पण लगेच वर केली. "आता खोलायचं म्हणजे छत गेलं, रंग गेला, आन् माझ्या पोरांचे हात गेले. उद्घाटनाची तारीख लागलीय. बिडवई साहेब खोलू देतील का?"

त्यालाही उत्तर माहीत होतं, मलाही.

साहेबांनी माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं, नाही असं नाही. मग म्हणाले, "गुंजकर मॅडम, उच्च न्यायालयातून न्यायमूर्ती येणार आहेत. पत्रिका छापल्यात. आता छत फोडायचं? नवी इमारत आहे, रिकाम्या खोल्या घुमतात. टेबलं, खुर्च्या, पडदे आले की आवाज आपोआप दबतो."

"साहेब, भिंत वरपर्यंत गेलेलीच नाही."

"चला, बघू."

आम्ही वर गेलो. ते एका खोलीत उभे राहिले, मी पलीकडच्या खोलीतून बोलले. नेमकी त्याच वेळी व्हरांड्यात फरशी कापायची मशीन सुरू होती. तिच्या किरकिरीत मला माझाच आवाज ऐकू येईना.

"काही येत नाही," ते बाहेर येऊन म्हणाले. "तुम्हाला आवाज जातो असं वाटलं तरी कशावरून?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. तुमच्या तोंडूनच ऐकलं, साहेब. अख्ख्या इमारतीत याहून पक्का पुरावा नव्हता आणि तोच मला देता येत नव्हता.

"वाटलं," मी म्हणाले.

"वाटण्यावर छत फोडता येत नाही."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही झालं. सांगायचं ते सांगून झालं होतं, निर्णय वरिष्ठांचा. खात्यात अशी सुटका रोज मिळते. मीही ती घेतली असती, पण दुसऱ्या दिवशी सोनटक्के बाई आल्या.

प्रमिला सोनटक्के न्यायालयाच्या समुपदेशक. नवरा-बायकोचा खटला उभा राहण्याआधी दोघांशी वेगवेगळं बोलायचं, हे त्यांचं काम. पन्नाशीच्या, ठसठशीत, खांद्याला कापडी पिशवी. नव्या खोल्या बघायला म्हणून आल्या आणि पहिल्याच खोलीत भिंतीला तळहात लावून उभ्या राहिल्या.

"भिंत!" त्या म्हणाल्या. "मॅडम, तुम्हाला हसू येईल. आमच्या जुन्या जागेत भिंत नाही, मध्ये लोखंडी कपाटं लावलीत. आत बाई बोलतीय, बाहेर बाकावर सासरचे बसलेत. बाई तोंड उघडायच्या आधी कपाटाकडं बघते. मग आवाज उतरवते. मग उतरवत उतरवत बोलायचीच थांबते."

"मग तुम्ही काय करता?"

"कागद देते, लिही म्हणते. लिहिता येणारीला ठीक आहे." त्यांनी पिशवी खांद्यावर सावरली. "मागं एकीनं मला सांगितलं, सध्या ती कुठं राहते ते. मावसबहिणीचं घर, गावाबाहेरची वस्ती. नवरा कपाटापलीकडं होता. मी बंगल्यावर न्यायाधीश साहेबांना अहवाल द्यायला गेले, तोवर हा तिच्या दारात पोचला होता."

"काय झालं तिचं?"

"वाचली. पण परत माझ्याकडं आली नाही. कुणाकडंच गेली नाही. खटला काढून घेतला आणि त्याच्याच घरी नांदायला गेली." त्यांनी भिंतीवर हलकेच थाप मारली. "आता कसं, दार लावलं की झालं."

मला त्यांच्याकडं बघवेना. त्या खाली उतरेपर्यंत मी थांबले आणि सरळ साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

"साहेब, छत खोलावंच लागेल."

"मॅडम, तो विषय झाला काल."

"काल मशीन चालू होती. एकदा दुपारी बघा, साहेब. जेवणाच्या सुट्टीत सगळं बंद असतं. शब्द न् शब्द ऐकू येतो."

बोलून गेले आणि जीभ चावली. साहेबांच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, टेबलावरच्या काचेकडं बघत राहिले.

"दुपारी तुम्ही कुठं जेवता?"

"वर. दोन नंबरच्या खोलीत."

"रोज?"

"रोज."

बाहेर मिक्सर फिरत होता. ते उठले आणि दार लोटून पुन्हा बसले.

"काय ऐकलंत?"

खोटं बोलता आलं असतं. पण ज्या माणसाला मी भिंत खरी करा म्हणत होते, त्याला खोटं सांगून कसं चालेल?

"सगळं, साहेब."

त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर सोपं गेलं असतं. ते नुसते लहान झाल्यासारखे दिसले.

"आणि आता त्यावरून तुम्ही मला..."

"नाही, साहेब. काल तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगितलं असतं मग. कुणालाच सांगणार नाही. तुम्ही छत खोला नाहीतर नका खोलू."

"जा तुम्ही," ते म्हणाले.

त्या रात्री मला बदलीची स्वप्नं पडली. सकाळी साइटवर गेले तर खय्यूमची पोरं वरच्या मजल्यावर जमून कुजबुजत होती. आत घोडीवर साहेब उभे होते, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून. डोकं दिव्याच्या भोकात, हातात विजेरी. बराच वेळ ते खाली आलेच नाहीत. आले तेव्हा केसांवर जिप्समची पूड होती.

"खय्यूम, खोला," ते म्हणाले. "सगळ्या खोल्यांचं."

"साहेब, उद्घाटन..."

"उद्घाटनाचं मी बघतो. तू भिंत बघ."

मग जे सुरू झालं ते सुखाचं नव्हतं. रंगवलेलं छत कापून खाली आलं. दोन दिवस मजल्यावर पांढरा धुरळा होता, माणसं कणकेत लोळल्यासारखी दिसायची. भिंतींच्या सांगाड्याच्या लोखंडी पट्ट्या स्लॅबपर्यंत वाढवल्या. अर्ध्या भिंतींचे बोर्ड उतरवून घसरलेलं रॉकवूल काढलं आणि नवं, बेतून कापलेलं, ठासून बसवलं. ठासून म्हणजे कोंबून नाही. कोंबलं की त्यातली हवा जाते आणि ते कामाचं राहत नाही. वायरी जिथून आरपार जात होत्या तिथली भोकं मसाल्यानं बुजवली. एक गंमत म्हणजे दोन खोल्यांचे स्विचबोर्ड भिंतीत पाठीला पाठ लावून बसवले होते. मध्ये फक्त दोन पत्र्याच्या पेट्या. भिंत वाढवून काय उपयोग, आवाज बटणांमधून गेला असता. तेही सरकवले. रॉकवूलची कुसळं अंगाला लागून पोरं खाजवून हैराण झाली. खय्यूम रागानं पुटपुटत होता, पण एकदा भिंत स्लॅबला भिडली की प्रत्येक सांध्यावरून स्वतः बोट फिरवून बघत होता.

कार्यकारी अभियंत्यांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. फोनमधला आरडाओरडा मला ऐकू येत होता. साहेब एवढंच म्हणाले, "माझ्या पाहणीत राहून गेलं, सर. होय, माझ्याच. लेखी देतो." सुपरवायजरचं नाव काढलं नाही, माझ्या निवडणूक ड्युटीचंही नाही.

त्या सगळ्या दिवसांत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. एका दुपारी मात्र पोरं जेवायला गेल्यावर ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. छत उघडं होतं. वर स्लॅब दिसत होता.

"तुमचे वडील काय करतात?"

"नाहीत, साहेब. मी शाळेत असतानाच गेले."

"हं." ते उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले. "ते असते आणि तुम्ही त्यांना तसा फोन केला असता, तर ते काय म्हणाले असते?"

मी त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान, लग्न न झालेली, हाताखालची. या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर येतं तरी कसं? पण ते खरोखर वाट बघत होते.

"ते काय म्हणाले असते, मला नाही सांगता येणार," मी म्हणाले. "मी फोन कशाला केला असता तेवढं सांगू शकते. पडले असं सांग, हे ऐकायला केला नसता. ते तर तिला आधीच येत असेल."

साहेब गुडघ्यावरची पूड झटकत राहिले. झटकून संपली तरी हात चालूच होता.

"धाकटीचं मोडलं तर?" त्यांनी विचारलं.

"धाकटीला विचारलंत का?"

ते उठून गेले. मला वाटलं, मर्यादा ओलांडली. पाच मिनिटांनी खालून त्यांचा नेहमीचा शांत आवाज आला. ते कुणाला तरी पाण्याच्या टाकीचं सांगत होते.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी छत पुन्हा बसलं. रंग ओला होता, पण भिंती पूर्ण झाल्या होत्या. साहेबांनी सगळी यंत्रं बंद करायला लावली, पोरांना खाली पाठवलं.

"तुम्ही दोन नंबरमध्ये थांबा. मी तीनमध्ये जाऊन बोलतो. ऐकू आलं की भिंतीवर ठोका."

मी दार लावून भिंतीला कान लावला. गार, गुळगुळीत. बाहेरच्या खिडकीवर पारव्याची फडफड ऐकू आली, खाली रस्त्यावरचा एक हॉर्न ऐकू आला. भिंतीतून काही नाही. मी वाट बघितली. पुन्हा कान लावला, खाली वाकून स्विचबोर्डापाशी लावला, कोपऱ्यात लावला. साहेब बोलायचे विसरले की काय? की अजून सुरूच केलं नाही? चाचणीला एवढा वेळ कशाला लागतो? शेवटी मला माझ्याच श्वासाचा आवाज मोठा वाटायला लागला.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. साहेबांच्या हातात फोन होता, त्याचा पडदा अजून उजळलेला. डोळे लाल होते. चेहरा मात्र मोकळा होता.

"काही?"

"काही नाही, साहेब."

"एकही शब्द?"

"एकही नाही."

"मी चांगला मोठ्यानं बोललो," ते म्हणाले. "शेवटी शेवटी तर ओरडलोच. जावई फोनवर आला होता."

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि भिंतीकडं एकदा बघितलं. काम मनासारखं झालं की ते असंच बघायचे.

"उद्या मी नाही. सगळे तुम्हालाच विचारतील, पण निभावून न्या. मला आज निघावं लागेल. शिवलीलेला घेऊन यायचंय."

"आणि धाकटी?"

"तीच म्हणाली, तुम्ही जात नसाल तर मी जाते."

एवढं बोलून ते जिना उतरून गेले. मी त्यांना इतक्या भरभर उतरताना कधी पाहिलं नव्हतं.

हे सगळं मी आज लिहिते आहे ते शिवलीलेला विचारूनच. साहेब आता नाहीत. ती एका तालुक्याच्या शाळेत शिकवते. तिची परवानगी मागायला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "लिहा. फक्त बाबांनी 'आत्ता नको' म्हटलं होतं, ते गाळू नका. ते गाळलं तर नंतरचं कळायचं नाही." धाकटीचं ते स्थळ मोडलं. तिला त्याचं काही वाटलं नाही, असंही तिनंच सांगितलं.

उद्घाटनाच्या दिवशी मांडव भरला होता. न्यायमूर्ती आले, फीत कापली, भाषणं झाली. सोनटक्के बाई पहिल्या रांगेत होत्या. कार्यकारी अभियंता सारखे मागं वळून बघत होते. सत्काराला साहेबांचं नाव पुकारलं आणि कुणीच उठलं नाही, तेव्हा ते माझ्याकडं वाकले. आवाज दबका होता, पण राग दबलेला नव्हता.

"बिडवई कुठं आहेत? आजच्या दिवशी? काय कारण काय?"

आजूबाजूची दोन-तीन डोकी वळली.

"कल्पना नाही, सर," मी म्हणाले.